अर्धं तुझं तेल, अर्धं माझं

मोताळा,
१५ ऑक्टोबर २०२४

धम्मा,

जयभीम. गाडी पोचली, आई पोचली. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तोंड वाकडं करू नकोस. माझा नंबर तू फोनमधून बंद करून ठेवला आहेस, तेव्हा पोस्टमनला कामाला लावण्याशिवाय मला इलाज नाही. ‘नर्सबाई रिटायर झाली तरी सुई टोचायला तिला कुणीतरी लागतंच,’ असं तू करिष्माला म्हणशील. म्हण. तुझी बायको मला ओळखते, तिला नवल वाटणार नाही.

मुद्द्याचं बोलते. तू परवा गाडी आणि आई दोघींना बुलढाण्यात मावशीच्या पायलच्या दारात सोडून सुलतानपूरच्या बसने निघून गेलास. मी काल बसने बुलढाण्याला गेले आणि दोघींना घेऊन राजूर घाट उतरले. मागे निळा धूर! मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी शिवी देऊन पुढे गेला. ती शिवी तुझ्या वाट्याची होती, मी तुझ्यासाठी ठेवून घेतली आहे. घरी येऊन डिपस्टिक काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर बोटभर, काळं आणि पाकासारखं जाड. तू बाबांचं चाळीस नंबर ओतलंस. मी विचारत नाही, सांगते आहे.

बाबांच्या काळात ते ठीक होतं. साठ वर्षांची ॲम्बेसेडर आहे, तिच्या पोटात तितक्याच वर्षांचा मळ बसलाय. तिला आता वीस-पन्नास नंबरचं लागतं. सकाळी गार असताना ते पातळ राहतं, लगेच सगळीकडे पोचतं आणि घाटात तापलं तरी पाण्यासारखं होत नाही. अकोल्याच्या दुकानदाराने जुन्या गाड्यांसाठीचं म्हणून खास मागवून दिलं. उद्या तुझं काढून टाकते आणि माझं भरते.

काठोकाठ का भरलंस तेही मला कळतं. आईनेच आपल्याला शिकवलंय, कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. शेजारच्या मनकर्णाबाईंची वाटी परत द्यायला मी जायचे आणि त्यातली साखर वाटेत तू खायचास. गेल्या एप्रिलमध्ये तुझ्याकडे गाडी पाठवताना मीही वरपर्यंत भरूनच पाठवली होती. तू त्यावर आणखी ओतलंस. बाबांनंतर तीन वर्षं आपलं हेच चाललंय. जयंती झाली की गाडी तुझ्याकडे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माझ्याकडे, आणि दर वेळी एकाच्या तेलावर दुसऱ्याचं तेल. दोन डॉक्टर एकमेकांना न सांगता एकाच पेशंटला औषधं देतात तसं. दवाखान्यात मी असं कुणाला करू दिलं नसतं.

आईचे गुडघे दुखतात. तुझ्याकडच्या जिन्याने दुखतात असं मी म्हणणार नाही.

समता


मोताळा,
१० डिसेंबर २०२४

धम्मा,

पत्राला उत्तर नाही, पण पायलच्या तोंडून निरोप मिळाला. ‘ताईले म्हना, बाबाच्या गाडीत बाबाचंच तेल जाईल. पंप मी दुरुस्त करतो का ती?’ पायल बिचारी निरोप सांगताना हसत होती. मावशीची लेक म्हणून तिने आपल्या दोघांचा टपाल-डबा व्हायचं का, ते एकदा तिलाच विचार.

तुझं पंपाचं दुकान आहे, मान्य. शेतातल्या मोटारीत आणि या गाडीत फरक आहे. आणि बाबांचं म्हणशील, तर बाबा ज्या दुकानातून ते तेल घ्यायचे ते दुकानच आता नाही. बाबा असते तर त्यांनीच नवीन तेल विचारून घेतलं असतं. ते विचारायचे. आपण दोघं कुणावर गेलो कोण जाणे.

तू लहान होतास, गाडी घरी आली तो दिवस तुला आठवतो का? बाबांनी हीच सरकारी गाडी साहेबांसाठी इतकी वर्षं चालवली, आणि लिलावात निघाली तेव्हा स्वतःच विकत घेऊन आले. आई पुढचं दार उघडायला गेली. बाबांनी तिचा हात धरून मागचं दार उघडलं. ‘पुढं डायवर बसते, रुख्मिणी. मालक मांगं बसते.’ मग टोपी काढून म्हणाले, ‘मॅडम, गाडी कोठी घेऊ?’ आई इतकी लाजली की तिला गावाचं नाव सुचेना. आपण दोघं पुढे बाबांशेजारी, खिडकीसाठी भांडत. तू मला चावला होतास. खूण अजून आहे.

हल्ली आई दुपारी अंगणात उभ्या गाडीत मागे जाऊन बसते. मेथी निवडते. मी विचारलं, घरात पंखा सोडून इथं काय? तर म्हणते, ‘आपली जागा हाय.’

मला बाबा गेल्यानंतरच्या त्या बैठकीची आठवण येते. कडूबा काकांनी किती सहज तोड काढली, विहिरीवर पाण्याची बारी असते तशी गाडीची बारी लावा, सहा महिने हिच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. तुला पटलं, मला पटलं. मग काका म्हणाले, ‘अन् वहिनीचं कसं करता?’ आई तिथेच बसली होती, धम्मा. तू जमिनीकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. तू आधी बोलशील म्हणून मी थांबले. तूही बहुतेक त्यासाठीच थांबला होतास. शेवटी तीच म्हणाली, ‘जिकडं गाडी, तिकडं मी.’ सगळे म्हणाले, बरं झालं, सुटलं एकदाचं.

मला ते ‘सुटलं’ अजून टोचतं.

समता


मोताळा,
१९ फेब्रुवारी २०२५

धम्मा,

आजचं पत्र भांडणाचं नाही. शेवटपर्यंत वाच.

आईला डॉक्टरांना दाखवून आणलं. हृदय थकलंय. मी आयुष्यभर लोकांना अशा बातम्या नीट शब्दांत सांगत आले, तुला कशा शब्दांत सांगू कळत नाही. औषधाने दिवस जातील, पण दर सहा महिन्यांनी तिला एका गावाहून दुसऱ्या गावी हलवणं आता जमायचं नाही. मी तिला म्हटलं, तू इथेच राहा, गाडी एकटी जाईल. ऐकत नाही. ‘एक डाव जाऊ दे. मंग नाही म्हननार.’

आणि मग तिने मागितलं. तिने आजवर आपल्याकडे काही मागितल्याचं तुला आठवतं का? मला नाही आठवत. म्हणाली, ‘दोघं बी समोर बसा. एक डाव. मी मांगून तुमाले पाहीन. तुहे बाबा नाहीत तं तू चालव, नाही तं तो चालवन, मले काही नाही त्याचं.’

एवढंच.

तेव्हा मी सांगते ते ऐक. एप्रिलमध्ये तू मोताळ्याला ये. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर सबंध रस्ता खिडकीबाहेर बघ, पण समोरच्या सीटवर बस. तू चालव. मी बाजूला बसेन आणि गिअरवर टोमणा मारणार नाही. सुलतानपूरला पोचलो की गाडी तुझी. बारी वगैरे काही नको, कायमची तुझी. तिच्यात चाळीस नंबर टाक, नाहीतर करडईचं तेल टाक, मी एक शब्द बोलणार नाही. आई तुझ्याकडे राहील आणि मी बसने येऊन भेटत जाईन.

मी हे पहिल्यांदाच लिहिते आहे, म्हणून नीट लिहिते. मला त्या बैठकीत तुझ्याआधी बोलायला हवं होतं. तू येशील का?

तुझी ताई


मोताळा,
११ एप्रिल २०२५

धम्मा,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही कदाचित, तरी लिहिते. हाताला काहीतरी काम हवं.

पायलचा फोन आला. ओरडतच होती. ‘ताई, धम्मादादा हो म्हनला! मोताळ्याले नाही येत म्हने, पन पंधराले सकाळी माह्या घरी येते. तुमी दोघी घाट चढून या. मंग तो चालवते, तुमी बाजूले बसा.’ मी तिला दोनदा विचारलं, समोर बसतो म्हणाला का? ‘हाव ना बाई, समोरच. पन दुपारच्या बसच्या आंधी या म्हने, नाही आल्या तं मी परत जातो.’

आईला सांगितलं. ती लगेच उठली आणि पेटीतून निळ्या काठाचं पांढरं लुगडं काढून उन्हात टाकलं.

बरं वाटलं रे. इतकं बरं वाटणं मला पचत नाही, म्हणून गाडीच्या मागे लागले. जयंतीच्या मिरवणुकीत आपली गाडी बाबासाहेबांचा फोटो घेऊन पुढे असणार, दुसऱ्या दिवशी घाट, आणि वर तू. धूर सोडत आलेली गाडी तुला दिसली असती तर तू तिथेच म्हणाला असतास, पाहा, हिचं वीस-पन्नास. म्हणून इथल्या एका गॅरेजवाल्याला अंगणात बोलावून इंजिन आतून धुऊन घेतलं. जुनं तेल काढायचं, डिझेल ओतायचं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं आणि ते काढून टाकायचं. काय काळं पाणी निघालं! आई दारातून बघत म्हणाली, ‘पोट साफ झालं बाईचं.’

मग भरायला बसले आणि हात थांबला. माझं तेल भरलं तर तू म्हणशील ताईने हट्ट सोडला नाही. तुझं भरलं तर मी जन्मभर मनात धरून बसेन, मला मी माहीत आहे. म्हणून अर्धं तुझं टाकलं, अर्धं माझं. तुझं चाळीस नंबर मिळवायला मलकापूरपर्यंत गेले होते. दोन्ही डबे थोडे थोडे उरलेत, डिक्कीत ठेवलेत. वर आलास की उघडून बघ.

मला हसू येतंय. साठी ओलांडलेली बाई गाडीत तेल ओतताना रडते, हे गॅरेजवाल्याने पाहिलं. त्याला वाटलं डिझेल डोळ्यांत गेलं. पाणी घेऊन धावला.

पंधराला भेटू. भेटू हा शब्द तुला किती दिवसांनी लिहिला!

ताई


बुलढाणा,
२० एप्रिल २०२५

धम्मरत्न,

तू थांबायला हवं होतंस.

पायलने तुला सगळं सांगितलं आहे, तरी माझ्याकडून ऐक. आम्ही वेळेत निघालो होतो. घाटात एकाएकी तेलाच्या प्रेशरचा काटा खाली पडला. इंजिन आतून ठोकायला लागलं, लोखंडावर लोखंड. शेवटच्या मोठ्या वळणाआधी एक धक्का बसला आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. स्टार्टर फिरेना. इंजिन जाम.

फोनला रेंज नव्हती. मी रस्त्यावर उभी राहून हात करत होते. त्या दिवशी सगळ्यांनाच घाई. आईला म्हटलं, चल, झाडाखाली बस. गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. ती बाहेर यायला तयार नाही. काय म्हणाली, सांगू? ‘धम्मा वाट पाहून खाली येईल. त्याले गाडी दिसली पायजे. अन् मी मांगं दिसली पायजे.’

निळ्या काठाचं लुगडं नेसून ती मागे बसून राहिली. मी ओल्या रुमालाने तिचं तोंड पुसत होते. बाटलीतलं पाणी संपलं, मग रुमालही वाळला. ती काचेतून वरच्या वळणाकडे बघत होती. प्रत्येक गाडी उतरली की म्हणायची, ‘हे पाय, आला.’ शेवटी एका टेम्पोवाल्याने घेतलं. तोवर तिला मला काय म्हणतात ते आठवत नव्हतं. मला ‘सिस्टर’ म्हणत होती.

तू पायलला म्हणालास, ‘मले माहीतच होतं ती येनार नाही.’ आणि दुपारच्या बसने निघून गेलास. घाट काही लांब नव्हता, धम्मा. चालत उतरला असतास तरी चाललं असतं.

आता तिला दवाखान्यातून पायलकडे आणलं आहे. शुद्धीवर आहे, बोलते. तुला कळलं तेव्हा तू आलास, पण मी घरी कपडे आणायला गेले होते तेव्हा आलास. करिष्मा म्हणाली म्हणे, मुद्दाम नाही, बस तशी होती. असेल.

गाडी क्रेनने ओढून वर आणली, गजेंद्र मिस्त्रीच्या आवारात उभी आहे. बारी तुझी आहे.

समता


मोताळा,
२८ जुलै २०२५

धम्मा,

आई कुणाकडेच येत नाही म्हणते. पायलने सांगितलं असेल. ‘आता मले कोन्या गाडीत घालू नका,’ एवढंच बोलली आणि पायलच्या घरी खिडकीजवळच्या खाटेवर पडून राहिली. बहिणीच्या लेकीकडे. आपण दोघं जिवंत असताना.

तू सोमवारी येतोस, मी गुरुवारी. हे कुणी ठरवलं? मी ठरवलं नाही. तूही ठरवलं नसशील. आधी ती आपल्याकडे बारीने यायची, आता आपण तिच्याकडे बारीने जातो. पायल सोमवारी तुझ्या आवडीचं करते, गुरुवारी माझ्या. तिच्या नवऱ्याने कॅलेंडरवर खुणा केल्यात. मला ते कॅलेंडर पाहून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सोमवार आहे. मी आज आले होते. मुद्दाम. तुझ्या पायाही पडले असते, कोण मोठं कोण लहान ते नंतर बघितलं असतं. स्वयंपाकघरात बसून वाट बघत होते. पाऊस होता, छत्री आणि चप्पल दाराशी. तू आलास, पायरीवर थांबलास, चप्पल ओळखलीस आणि परत वळलास. मी हाक मारेपर्यंत फाटक वाजलं.

मी पाहिलं नाही असं समज. पण खाट खिडकीशी आहे. तिने पाहिलं.

ती रडली असती तर मला सोसलं असतं. ती माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाली, ‘तू तुह्या दिवशीच येत जा, बाई. त्याचा दिवस काऊन खातं?’

मी आयुष्यात पुष्कळ मरणं पाहिलीत. इतकं गार मला कधी वाटलं नव्हतं. तिने आता मागणं सोडलं आहे. आपण तिला आपल्यासारखं करून टाकलं.

मी आता गुरुवारीच येत जाईन. तू सोमवार चुकवू नकोस. दिवसभर ती फाटकाकडे बघते.

ताई


मोताळा,
२ ऑक्टोबर २०२५

धम्मा,

आज अशोक विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात वंदना घेऊन आले. आज बारी बदलते, गाडी तुझ्याकडून माझ्याकडे यायचा दिवस. सवयीने सकाळी अंगण झाडून जागा केली. मग झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आई गेल्या महिन्यात गेली, तीही बुधवारी. ना तुझा वार, ना माझा. पायल एकटी होती. तिने आधी कुणाला फोन लावला, तुला की मला, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

आईच्या जलदान विधीला भन्तेजींनी आपल्या दोघांना एकाच तांब्याला हात लावायला सांगितलं. तुझा हात किती खरखरीत झालाय. अंगठ्याचं नख काळं पडलंय, पंपाखाली सापडलं का? मला विचारायचं होतं. पाणी वाटीतून बाहेर वाहेपर्यंत ओतायचं असतं. मग माणसं जेवायला बसली आणि तू दिसला नाहीस.

एक गोष्ट मी तुला एप्रिलमध्ये खोटी लिहिली. काटा एकाएकी पडला नव्हता. मिरवणुकीतच तो खाली होता, मी उन्हावर ढकललं. घाटात पहिल्या वळणाला तो शून्यावर आला. बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, काटा पडला की जिथे असशील तिथे थांब, पायाखाली साप असला तरी थांब. मी थांबले नाही. बस सुटेल, तू निघून जाशील, एवढंच डोक्यात होतं. इंजिन ठोकत होतं आणि मी त्याला म्हणत होते, थोडं राहिलं, बाबा, थोडंच राहिलं. तू थांबला नाहीस आणि मीही थांबले नाही. एवढंच लिहायचं होतं. तुझ्यावरचं अर्धं माझ्याकडे घेते.

काल गजेंद्रकडे गेले. इंजिन खोलून नवीन बेअरिंग घालून त्याने बांधून ठेवलंय. मी विचारलं, कोणाच्या तेलाने बिघडलं? खरं सांग, माझ्या की त्याच्या? मला वाटतं मी आयुष्यात पहिल्यांदाच हरायला तयार होऊन गेले होते. तो म्हणाला, ‘ताई, तेल दोन्ही बी चांगले होते. कोनतंबी एक धरलं असतं तं गाडी आनखी लय चालली असती. तुमी इंजिन धुतलं, खाली बसलेला मळ सुटला अन् सारा तेल ओढायच्या जाळीत जाऊन अटकला. तेल काठोकाठ होतं हो. वर चढलंच नाही.’

दोन्ही चांगली होती, धम्मा. मला कुणीतरी चूक ठरलेलं चाललं असतं.

त्याने डिक्की उघडली तेव्हा एप्रिलमधले उरलेले डबे निघाले, तुझं चाळीस नंबर आणि माझं वीस-पन्नास. ते त्याने समोरच्या सीटवर नेऊन ठेवले होते. मी गेले तेव्हा तिथेच होते, शेजारी शेजारी, एक ड्रायव्हरच्या जागी आणि एक खिडकीशी. मागची सीट त्याने स्वच्छ पुसून ठेवली होती. मी मागचं दार उघडलं. बसायला झालं नाही. तसंच लावून घेतलं.

गजेंद्र हात पुसत आला. इंजिन कोरडं आहे, तेल टाकल्याशिवाय सुरू करता येत नाही. म्हणाला, ‘आता एकच ठरवा अन् तेच ठेवा. कोनतं टाकू?’ तोंडावर वीस-पन्नास आलं होतं. मी म्हटलं, भावाला विचारून सांगते. तो म्हणाला, लावा ना मग फोन. मी म्हटलं, नाही, मला पत्र लिहावं लागतं.

गाडी तिथेच उभी आहे. तू सांगशील तेच टाकायला सांगेन. आता उशीर झालाय, मला माहीत आहे. ज्या माणसाला मागे बसायचं होतं ते माणूस नाही. तरी विचारते.

धम्मा, कोणतं तेल टाकू?

ताई